स्टेशनबाहेरचा भूखंड आणि माझी हरकत

आमच्या स्टेशनच्या पादचारी पुलाचा जिना जिथं उतरतो, त्याला लागूनच एक मोकळा भूखंड आहे. विकास योजनेत तो वाहनतळासाठी आरक्षित. प्रत्यक्षात तिथं रिक्षा लागतात आणि संध्याकाळची गाडी आली की जिन्यावरून उतरलेली गर्दी तिथंच पांगते. एके सकाळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरातली जाहीर नोटीस दिसली. या भूखंडावरचं आरक्षण वगळून तो वाणिज्य वापरात घ्यायचा आहे, हरकती व सूचना महिन्याभरात द्याव्यात.

खाली कलम ३७ लिहिलेलं होतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं हे कलम म्हणजे मंजूर विकास योजनेत फेरबदल करायची वाट. मी ते पूर्ण वाचून काढलं आणि त्यातल्या दोन गोष्टी मला पुढे फार कामी आल्या. पहिली, फेरबदलानं योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. दुसरी, हरकत कोणीही घेऊ शकतं. त्यासाठी जागा तुमच्या नावावर असावी लागत नाही.

ही दुसरी गोष्ट नगरपरिषदेच्या कार्यालयातल्या खिडकीवर लगेच उपयोगी पडली.

"ताई, तुमची मिळकत आहे का तिथं?"

"नाही."

"मग हरकत कशाची?"

"मी रोज त्या जिन्यानं उतरते."

मी कलमातले शब्द दाखवले, त्यांनी अर्ज घेतला. स्टेशनजवळच्या जागांची खरी अडचण इथंच आहे असं मला मनापासून वाटतं. बाधित म्हणून नोटीस जाते ती आजूबाजूच्या मिळकतदारांना. तिथून रोज येणारीजाणारी हजारो माणसं राहतात भलतीकडे, कुठल्याच उताऱ्यावर त्यांचं नाव नसतं.

खिडकीवर जाण्याआधी मी नगररचना विभागात भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेतला त्या जागेपुरता नकाशा, बघायला गेले होते. नोटिशीत म्हटलेलं असतं की नकाशा कार्यालयीन वेळेत पाहता येईल. तो मागावा लागतो, आणि मागितला की दाखवतात. टेबलावर पसरलेल्या त्या कागदावर आरक्षण क्रमांक होता, सर्व्हे नंबर होता, १२ मीटरचा रस्ता होता. जिना मात्र कुठंच नव्हता. योजना मंजूर झाली तेव्हा पूलच नव्हता. शिवाय पूल रेल्वेचा, आणि शेवटची पायरी उतरली की हद्द नगरपरिषदेची. दोघांच्या कागदांत तो जिना एकत्र कुठं आलेलाच नव्हता. प्रस्ताव ज्यांनी तयार केला त्यांच्या नजरेसमोर नुसता रिकामा चौकोन होता.

त्या संध्याकाळी मी आणि माझा भाऊ टेप घेऊन गेलो. शेवटच्या पायरीपासून भूखंडाच्या हद्दीपर्यंत अंतर भरलं दोन मीटरच्या आत. टेप धरून उभं असतानाच गाडी आली आणि आम्हाला तो गुंडाळून भिंतीला चिकटावं लागलं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन उतरत होत्या, त्यांना पायरी दिसत नव्हती, त्या पावलानं चाचपत होत्या. हरकतीचा अर्ज मी त्याच रात्री नव्यानं लिहिला.

आधीच्या मसुद्यात नुसता राग होता. नव्यात फक्त आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, मोजलेलं अंतर, फोटो आणि जिना दाखवणारा हातानं काढलेला नकाशा. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाजवळच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तेही एका ओळीत लिहिलं. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली. ती घ्यायचीच, पुढच्या प्रत्येक टेबलावर ती विचारतात.

आमच्या भागातून सह्यांचं एक मोठं निवेदनही गेलं होतं. शेकड्यानं सह्या, पण नोंद झाली एकच हरकत अशी. हे आधी कळलं असतं तर आम्ही प्रत्येकाला वेगळा अर्ज द्यायला लावला असता.

सुनावणीचं पत्र आलं तेव्हा मी रजा टाकली. माझ्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं आली. सगळ्या विकासालाच विरोध आहे का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही साहेब, इमारत व्हावी, पण जिन्यासमोरची जागा मोकळी राहावी आणि गाड्या कुठं लागणार ते आधी ठरावं. त्यांनी हातानं काढलेला नकाशा जवळ ओढला, पायरीवर बोट ठेवून विचारलं, "हा आत्ता आहे जागेवर?" फोटो पुढे केले. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

प्रस्ताव मग शासनाकडे गेला. तिथं संचालक, नगररचना यांचा सल्ला घेऊन फेरबदल मंजूर होतो, बदलासह मंजूर होतो किंवा नाकारला जातो. मी माहिती अधिकारात सुनावणीचा अहवाल मागवला. त्यात माझ्या हरकतीपुढे "अंशतः मान्य" असं होतं.

शेवटी आरक्षण गेलंच, याचं मला आजही वाईट वाटतं. वाहनतळाची तेवढी जागा स्टेशनजवळ पुन्हा मिळणार नाही. पण मंजुरीत अट आली: जिन्यासमोर सहा मीटरची पट्टी कायम मोकळी ठेवायची आणि ती भाग नकाशावर दाखवायची. नव्या नकाशाची प्रमाणित प्रत मी घेऊन ठेवली आहे. जिनाही आता त्यावर आहे. बांधकाम परवानगीचा अर्ज अजून आलेला नाही. तो आला की मंजूर आराखड्याची प्रत मागणारा माझा अर्ज तयार आहे.