शेऱ्याचा रकाना

लॅमिंग्टन रोडला भडकमकर मार्ग आम्ही फक्त पाकिटावर लिहायचो. त्या रस्त्यावर नाझ बिल्डिंग. थिएटर आणि त्याच इमारतीत चित्रपट वितरकांची खुराड्यांसारखी ऑफिसं. अशाच एका ऑफिसात मी रिप्रेझेंटेटिव्ह होतो. काम म्हणजे थिएटरवर जाऊन डीसीआर, रोजच्या गल्ल्याचा कागद, तपासून आणायचा. स्टॉल, अप्पर, बाल्कनी. प्रत्येक वर्गाच्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, वजाबाकी, करमणूक कर, उरलेलं नेट. मध्येच वेगळं तिकीटबुक घुसवलेलं असलं तर मी नुसत्या नंबरांवरून पकडायचो. माझ्याइतका पक्का माणूस त्या मजल्यावर दुसरा नव्हता.

१९८३ सालचा जुलै, शुक्रवार. एका नवख्या निर्मात्याचं मराठी पिक्चर लागलं होतं. तीनच्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. इंटरव्हलला निघालो आणि भिजतच नाझच्या आवारात शिरलो. शुक्रवारी सगळा धंदा तिथे उभा असायचा.

"रिपोर्ट काय?"

"थंड आहे," मी म्हणालो.

सकाळपासून पाऊस कोसळत होता, लोकल रखडल्या होत्या, हे बोललो नाही. डीसीआरवर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तोही कोराच ठेवला. संध्याकाळी शेठनी रविवारची जाहिरात काढून टाकली. आठवड्याचा गल्ला होल्डओव्हरच्या, म्हणजे करारातल्या किमान आकड्याच्या, जरासा खाली राहिला आणि थिएटरवाल्याने पिक्चर उतरवलं.

त्याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला होता. १९७५ साली पहिल्या आठवड्यात धंद्याने त्यालाही पडेल ठरवलं होतं. हे आवारातल्या प्रत्येकाला पाठ होतं, तरी दर शुक्रवारी इंटरव्हललाच निकाल लागायचा. शहाणपण फक्त गप्पांपुरतं.

गुरुवारी औरंगाबादहून ट्रंक कॉल आला. मराठवाडा आमच्या धंद्यात तेव्हाही 'निजाम'च, आणि विदर्भ 'सी.पी. बेरार'. निजामात पिक्चर हाऊसफुल्ल होतं, आणखी एक प्रिंट हवी होती. मुंबईत उतरलेली प्रिंट रिकामीच होणार होती. पंधरा रिळांचे डबे पेट्यांत भरून मी लेबलं चिकटवत होतो, तेव्हा निर्माते पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले.

"शुक्रवारी पाऊस होता, हे शेठना कुणी सांगितलं का हो?"

"खिडकीतून दिसतच होता की," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. वाकून पेटीची दुसरी कडी त्यांनी धरली आणि आम्ही दोघांनी मिळून ती जिन्याने खाली नेली.