दुसरी लाथ

सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवोन शहरात सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे मुख्यालय आहे आणि त्यामुळे तेथील योंगतोंग भागात बरीच भारतीय अभियंत्यांची कुटुंबे राहतात. त्यांत मराठी घरेही आहेत. याच भागातील एका तायक्वांदो दोजांगमध्ये, म्हणजे प्रशिक्षणशाळेत, मी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम करते. दोजांग म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर डोंगरातला मठ आणि पांढऱ्या दाढीचे गुरू येतात. आमचे दोजांग मात्र एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी शाळा सुटल्या की पिवळी व्हॅन मुलांना गोळा करून आणते, तास संपला की त्यांना घरी किंवा पुढच्या शिकवणीला सोडते, आणि नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या दृष्टीने हा तास निम्मा खेळाचा आणि निम्मा मुले सांभाळण्याचा असतो. मोठ्यांचा वर्ग रात्री भरतो.

येथे शिकायला येणारे मूल पहिली लाथ शिकण्याच्या आधी रीतभात शिकते. बूट कप्प्यात ठेवायचे ते टाचा जुळवून. मॅटवर पाऊल टाकण्यापूर्वी ध्वजाकडे तोंड करून वाकायचे. दोबोक, म्हणजे सरावाचा गणवेश, ढिला झाला किंवा पट्टा सुटला तर ध्वजाकडे पाठ करून तो नीट करायचा. मोठ्या माणसाला वस्तू देताना आणि त्याच्याकडून घेताना दोन्ही हात वापरायचे. मुख्य प्रशिक्षकांना ‘ग्वानजांगनिम’ म्हणायचे आणि मला ‘साबमनिम’. ‘छारियत’ म्हटले की सावधान, ‘क्युंगने’ म्हटले की नमस्कार, ‘शिजाक’ म्हटले की सुरू आणि ‘कुमान’ म्हटले की हात-पाय जिथे असतील तिथे थांबायचे. तालमीत उतरताना पैलवान मातीला हात लावून कपाळाला लावतो, हे पाहत वाढलेल्या मला यात परके असे काही वाटले नाही. पालकांनाही हा भाग आवडतो, पण बहुतेक जण त्याकडे ‘संस्कार’ म्हणून पाहतात, म्हणजे मूल घरी शहाण्यासारखे वागेल एवढ्याच अर्थाने. त्याचा मारामारीशी, किंबहुना मारामारी थांबवण्याशी किती जवळचा संबंध आहे, हे त्या दिवशी घडलेल्या प्रकरणात जसे दिसले तसे मला त्याआधी कधी दिसले नव्हते.

दुपारचा पहिला वर्ग सुरू होण्याआधीच आमच्याकडच्या एका मराठी मुलाची आई त्याला घेऊन आली आणि पाठोपाठ वडीलही कार्यालयातून तसेच निघून आले. मुलगा पाचवीत शिकणारा, पहिला पूम मिळवलेला. तायक्वांदोत 15 वर्षांखालील मुलांना काळ्या पट्ट्याच्या ‘दान’ऐवजी ‘पूम’ दिला जातो आणि त्यांचा पट्टा निम्मा लाल, निम्मा काळा असतो. त्याचे प्रमाणपत्र सोलच्या गंगनाम भागात 1972 साली उभ्या राहिलेल्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेकडून येते. आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या खेळाच्या मैदानात सहावीतल्या एका मुलाने त्याची टोपी काढून घेतली, त्याने ती परत मागितली तेव्हा त्याची कॉलर धरली, आणि याने पकड सोडवून त्याच्या पोटात लाथ मारली. समोरचा पडला. हे सगळे सीसीटीव्हीत दिसत होते. त्यानंतर सुमारे दोन सेकंदांनी, पडलेल्या मुलाच्या मांडीवर बसलेली दुसरी लाथही दिसत होती. शाळेतून फोन आला होता आणि प्रकरण शाळेतील हिंसेविषयीच्या कायद्याखाली नोंदवले जाण्याची शक्यता होती.

वडील चिडलेले होते, पण मुलावर नव्हे. “ताई, तुम्ही सरांना सांगा, सुरुवात त्याने केली. आम्ही काय याला मार खाऊन यायला पाठवतो का इथे? उलट बरं केलं त्यानं.” आई मधेच म्हणाली, “अहो, जरा हळू बोला,” आणि माझ्याकडे वळून तिने विचारले, “याच्या रेकॉर्डवर येईल का हो हे?” मी दोघांचेही बोलणे जसेच्या तसे कोरियन भाषेत ग्वानजांगनिमांना सांगितले. दुभाष्याने धार काढून टाकून सांगितले तर पुढचा माणूस चुकीच्या गोष्टीला उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे.

ग्वानजांगनिमांनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलाला मॅटवर बोलावले, मला त्या सहावीतल्या मुलाच्या जागी उभे केले आणि म्हणाले, “जसे झाले तसे करून दाखव.” मी त्याची कॉलर उजव्या मुठीत धरली. त्याने आपला हात माझ्या मुठीवरून फिरवून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी पकडला, खांदा वळवला, दुसऱ्या हाताने माझे कोपर खालून दाबले आणि माझी पकड अंगठ्याच्या बाजूने, जिथे कोणतीही मूठ सर्वांत कच्ची असते तिथून, सुटली. हे होशिनसुल, म्हणजे स्वसंरक्षणाचे तंत्र. दोजांगमध्ये शिकवल्या जाणाऱ्या मनगट-कोपराच्या अशा बऱ्याच युक्त्या हापकिदो या दुसऱ्या कोरियन युद्धकलेच्या वळणाच्या आहेत, आणि हापकिदोची परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतून देगू शहरात शिकवू लागलेल्या चोई योंग-सुल यांच्यापर्यंत जाते. आमच्या ग्वानजांगनिमांनी तरुणपणी दोन्ही विद्या शिकल्या असल्यामुळे आमच्याकडे या भागावर जास्त भर आहे. पकड सुटताच मुलाने अर्धे वळण घेऊन मागची लाथ मारली. तळवा माझ्या पोटापासून चार बोटांवर येऊन थांबला. मी ठरल्याप्रमाणे पडले. त्याने पाय पुन्हा उचलला, आणि तो हवेतच राहिला.

“इथे थांबलास,” ग्वानजांगनिम म्हणाले. “तिथे का थांबला नाहीस?”

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग कोरियनमध्येच म्हणाला, “तिथे कुणी कुमान म्हटलं नाही.”

मी हे वाक्य आईवडिलांना मराठीत सांगितले तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नाही, पण ते खुर्चीवर मागे टेकून बसले. मुलाने सबब सांगितली नव्हती. त्याने आमच्या शिकवण्याचे अगदी अचूक वर्णन केले होते. क्योरुगीमध्ये, म्हणजे लढतीच्या सरावात आणि स्पर्धेत, पंच ‘काल्यो’ म्हणून दोघांना वेगळे करतो आणि त्यानंतर मारणाऱ्याला किंवा पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर हल्ला करणाऱ्याला दंड म्हणून ‘गामजम’ मिळतो. 2000 साली सिडनीत तायक्वांदो ऑलिंपिकचा पदकाचा खेळ झाला. त्यानंतर सगळीकडचे प्रशिक्षण या नियमांभोवती अधिकाधिक घट्ट होत गेले आणि तेथील संयम खरा असला तरी तो पंचाच्या तोंडून येतो. पूमसेत, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींच्या क्रमात, सुरुवात आणि शेवट दोन्ही आज्ञेवर होतात. होशिनसुलमध्येही जोडीदार पडला की आम्हीच ‘कुमान’ म्हणत होतो. अंगात भिनलेले थांबणे त्या मुलाजवळ होते, परंतु ते सुरू करण्याची किल्ली आमच्याकडे होती.

त्यानंतर ग्वानजांगनिम वडिलांशी कायद्याविषयी बोलले आणि मी भाषांतर केले. कोरियाच्या फौजदारी कायद्याच्या 21 व्या कलमात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी केलेल्या कृत्याला संरक्षण आहे, मात्र हल्ला त्या क्षणी चालू असला पाहिजे आणि प्रतिकाराला वाजवी कारण असले पाहिजे. मर्यादा ओलांडली तर शिक्षा कमी होऊ शकते, पण कृत्य निर्दोष ठरत नाही. येथील न्यायालये या बाबतीत कडक समजली जातात, आणि दोघांनीही हात उचलला असेल तर पोलीस प्रकरणाकडे परस्पर मारहाण म्हणून पाहतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. 14 वर्षांखालील मुलाला फौजदारी शिक्षा होत नाही, त्यामुळे या मुलापुढे तो प्रश्न नव्हता. पण वडिलांना समजून घ्यायचे होते ते तत्त्व. “पहिली लाथ मी शाळेपुढे मांडू शकतो,” ग्वानजांगनिम म्हणाले, “दुसरी नाही. दुसऱ्या लाथेच्या वेळी हल्ला संपलेला होता.” वडील म्हणाले, “आपल्याकडे असं नाही.” तेव्हा दुभाष्याची भूमिका बाजूला ठेवून मी त्यांना सांगितले की आपल्याकडेही असेच आहे: भारतीय न्याय संहितेच्या 37 व्या कलमात, आणि त्याआधी दंड संहितेच्या 99 व्या कलमात, बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क दिलेला नाही. स्वसंरक्षणाच्या शिबिरांत हे कलम कुणी वाचून दाखवत नाही. महाराष्ट्रात असताना मीही शाळांमधल्या अशा शिबिरांत शिकवत असे, आणि समारोपाला पाहुण्यांसमोर मुलींनी कौले फोडली की शिबिर यशस्वी झाले असे सगळे मानत.

पुढचा भाग कार्यालयीन होता, पण निर्णय त्यावरच अवलंबून होता. 2020 पासून अशी प्रकरणे शाळेतील समितीऐवजी शिक्षण सहाय्य कार्यालयातील समितीपुढे जातात. मात्र दोन आठवडे किंवा त्याहून अधिक उपचार लागतील असे वैद्यकीय प्रमाणपत्र नसेल, मालमत्तेचे नुकसान नसेल किंवा ते भरून दिले असेल, प्रकार वारंवार घडलेला नसेल, तक्रारीचा सूड म्हणून केलेला नसेल, आणि दुखापत झालेल्या मुलाच्या घरच्यांची समिती नको अशी इच्छा असेल, तर मुख्याध्यापक प्रकरण आपल्या पातळीवर मिटवू शकतात. म्हणजे सगळे त्या दुसऱ्या कुटुंबाच्या मनावर होते. वडील म्हणाले, “मग आत्ताच त्यांच्या घरी जाऊ.” ग्वानजांगनिमांनी त्यांना थांबवले, अशा वेळी परस्पर दारात जाऊन उभे राहिले की समोरच्याला ते दडपण वाटते. त्यांनी शाळेतील जबाबदार शिक्षिकेला फोन करून भेट घेता येईल का, असे त्या घराला विचारायला सांगितले. होकार आला. संध्याकाळी शाळेच्या समुपदेशन कक्षात भेट ठरली.

ग्वानजांगनिम सूट घालून आले. मी आईवडिलांना वाटेत एवढेच सांगितले होते की आधी मुलाला बोलू द्या. मुलगा उभा राहून वाकला आणि म्हणाला, की तुम्ही पडल्यावर मी लाथ मारली, ते चुकले. पहिल्या लाथेबद्दल तो काही बोलला नाही आणि कुणी त्याला बोलायला लावलेही नाही. मग ग्वानजांगनिम उठले आणि त्या सहावीतल्या मुलासमोर व त्याच्या आईसमोर कमरेतून पूर्ण वाकले, आणि “हा माझ्याकडे शिकतो” एवढेच म्हणून बराच वेळ तसेच राहिले. पन्नाशी ओलांडलेला, सहावा दान असलेला माणूस बारा वर्षांच्या मुलासमोर वाकलेला आहे, हे पाहून वडिलांनी आपोआप खुर्चीतून उठून हात जोडले. त्या मुलाच्या आईने घाईघाईने “नको, नको” म्हणत त्यांना सरळ केले. तिच्या मुलाने दप्तरातून टोपी काढली आणि दोन्ही हातांनी परत दिली. कॉलर धरल्याबद्दल तो काही म्हणाला नाही, तेव्हा त्याची आईच म्हणाली. मांडीवर जखमेची खूण होती, हाड वगैरे ठीक होते. त्यांनी समितीचा आग्रह सोडला.

परतीच्या वाटेवर, गाडीत बसल्यावर, मुलाने मला मराठीत विचारले, “ताई, पहिली चालली असती ना?” मॅटवर साबमनिम आणि मॅटबाहेर ताई, हा त्याने स्वतः काढलेला नियम आहे. मी सांगितले, की पकड सुटल्यावर पळता आले असते तर पहिलीचीही गरज नव्हती. हे उत्तर त्याला मुळीच पटले नाही. खरे सांगायचे तर त्या वयात मलाही पटले नसते.

एका बाबतीत मात्र माझे आणि ग्वानजांगनिमांचे मत जुळले नाही. पहिल्या पूमनंतर वर्ष झाले की दुसऱ्याची परीक्षा देता येते, आणि या मुलाचा अर्ज जाणार होता; तो त्यांनी थांबवला. माझ्या मते ही शिक्षा चुकीच्या माणसाला होती, कारण जे आम्ही त्याला करायला लावले नव्हते ते न केल्याबद्दल ती होती. येथे वरिष्ठाला असे सांगणे सोपे नाही. वर्ग सुटल्यावर, कार्यालयात, आधी कॉफी करून देऊन आणि दोन वेळा माफी मागून मी ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि अर्ज पुढच्या फेरीला पाठवायचे कबूल केले. या फेरीला नाही ते नाहीच.

होशिनसुलचा सराव मात्र त्यांनी त्याच रात्री, मोठ्यांच्या वर्गापासून बदलला. आता पकड सुटली की आम्ही काही म्हणत नाही. ज्याने सोडवली त्याने तीन पावले मागे यायचे, दोन्ही तळवे छातीपुढे उघडे धरायचे, “हाजिमासेयो”, म्हणजे “असे करू नका”, असे खच्चून ओरडायचे, आणि मान वळवून दाराकडे पाहायचे. जोडीदार पडला असेल तर त्याच्या पायांच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत मागे सरायचे. मोठ्यांच्या वर्गातल्या एका परिचारिकेने पहिल्याच दिवशी सांगितले की रुग्णालयात तिला याचाच उपयोग आहे. तिथे रुग्ण मनगट धरतो आणि त्याला लाथ मारता येत नाही. मुलांना मात्र हा भाग नीरस वाटतो. मागे सरणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत आणि पालकांसमोरच्या परीक्षेत फळी फुटल्याचा आवाज त्यांना अजूनही जास्त प्रिय आहे. त्यातल्या त्यात ओरडायला सगळ्यांना आवडते. इतके, की खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या शिकवणीकडून तक्रार आली. ग्वानजांगनिम खाली जाऊन वाकून आले आणि त्यांनी होशिनसुलची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली. आवाज कमी करायला त्यांनी कुणालाही सांगितले नाही.