फुगलेली बॅटरी घंटागाडीत नको

मोबाइलची बॅटरी फुगली की भाचा ती घंटागाडीत टाकायला निघतो आणि मी त्याला दारातच अडवते. सोलापूरचा मे, पारा चाळिशीपार, त्यात गाडीत कचरा दाबला जातो. लिथियमची बॅटरी चेपली तर आतले थर एकमेकांना टेकून ती पेट घेऊ शकते, आणि कचरा उचलणाऱ्या मावशी तिथेच उभ्या असतात! म्हणून मी टोकांना चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या डब्यात वेगळी ठेवते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून अशी बॅटरी कुठे द्यायची ते दुकानदाराला हक्काने विचारा. इन्व्हर्टरची बॅटरी तर भंगारात देऊच नका. शिशासाठी ती उघड्यावर फोडली की ॲसिड मातीत मुरतं, शिशाची धूळ लेकरांच्या अंगात जाते. नवी घेताना जुनी दुकानातच द्या, तिचे पैसे बिलातून वळते करून मिळतात.