मुसकं

रविवारच्या पुरवणीत हल्ली एक लेख ठरलेला असतो. साखर म्हणजे पांढरं विष, मोबाइल म्हणजे हातातलं व्यसन, मग तळणीचं तेल, मग प्लॅस्टिकची बाटली. छुपे धोके मोजून झाले की शेवटच्या ओळीत 'संयम बाळगा' असं सांगून लेखक मोकळा. मी हे लेख आवडीनं वाचतो, बहुतेक वेळा फरसाणाची वाटी शेजारी घेऊन. तक्रार एवढीच, की हा संयम आणायचा कुठून, ते कुणी लिहीत नाही.

आमच्या लातूरकडं छुपा धोका म्हटलं की पुरवणी नाही, कोवळी ज्वारी आठवते. दाण्याची भाकरी माणसाला, कडबा जनावराला, असा या पिकावर मराठवाडा पिढ्यान्‌पिढ्या जगला. पण तीच ज्वारी गुडघ्याएवढी व्हायच्या आत गाईच्या पोटात गेली तर गाय हातची जाऊ शकते. याला किराळ लागणं म्हणतात. पावसानं ताण दिला, पीक सुकलं आणि मग एखादी सर पडून बुडाला पुन्हा फुटवे आले, तर ते फार वाईट; आणि दिसायला अगदी लुसलुशीत. बांधावरून मान घालून गाईनं भराभर घास ओढले की थोड्याच वेळात तिला धाप लागते, अंग थरथरतं, पाय टेकतात. जनावरांचा डॉक्टर वेळेवर पोचला आणि शिरेतून औषध गेलं तर वाचते. पण डॉक्टर तालुक्याला आणि गाय शिवारात, हे गणित नेहमीच जमतं असं नाही.

यातली मला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की पानात हे विष तयार नसतंच. धुरिन नावाचं एक द्रव्य असतं आणि ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच पानात, पण वेगळ्या जागी. दोघांचा शेजार असतो, गाठभेट नसते. गाय चावते, पेशी चिरडतात, दोघं एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. म्हणजे निम्मं काम पिकाचं आणि निम्मं खाणाऱ्याच्या दाढेचं. पुरवणीवाले सगळं पाप वस्तूच्या माथी मारतात ते मला पटत नाही, ते यामुळं. त्याच ताटाला पुढं कणीस लागतं, आपण आगटीभोवती बसून हुरडा चोळतो, आणि नीट वाळलेला कडबा तीच गाय उन्हाळाभर खाते.

गाईला संयम शिकवायच्या भानगडीत मात्र कुणी पडत नाही. कोळपणीला बैल जुंपायचा तर पिकात शिरायच्या आधीच त्याच्या तोंडाला मुसकं चढवतात. पूर्वी सुताच्या दोरीचं विणलेलं असायचं, आता नायलॉनचं मिळतं. दोन्ही बाजूंना हिरवंगार पीक आणि मधून बैल निमूट चालतो. बघणाऱ्याला वाटावं, काय हा विरक्त! खरं तर मुसकं पिकासाठी असतं. बैलाचा जीव वाचला तर तो वरकड नफा. दुसरी रीत त्याहून साधी: जनावर सोडण्याआधी दावणीत कडबा टाकायचा. पोट भरलेली गाय हिरव्यावर तुटून पडत नाही.

संयमाचा विषय निघाला की कीर्तनात पैठणचे नाथ येतातच. अंगावर कुणी पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरतात. मोठीच गोष्ट. पण थुंकणारा समोर दिसत होता. आमच्यासमोर येते ती गुळाची खीर, तीही आग्रहानं. तिथं राग गिळायचा नसतो, खीर गिळायची नसते, आणि हे दुसरं मला जास्त अवघड वाटतं.

त्यातून येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. गाव रिकामं आणि शिवार भरलेलं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडवांची पूजा झाली की भज्जी, उंडे, तिळाची भाकरी, आंबील, खीर. या दिवशी पोटाला नाही म्हणायची आमच्याकडं पद्धतच नाही. काकांना शुगर आहे. काकू त्यांना उपदेश करत नाही. भज्जी आणि भाकरी ताटात आधी दाबून वाढते, आंबिलीचा तांब्या हाताशी ठेवते आणि खिरीचं पातेलं कोपीच्या पल्याड, पाहुण्यांच्या घोळक्यात. काकांना तिथवर जायचं तर दहा जणांच्या ताटांवरून पाय टाकत जावं लागतं.

गेल्या येळवशीला काका वैतागून म्हणाले, "मला काय मुसकं बांधलालीस व्हय?"

काकू भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बांधलं असतं की. तुमच्या मापाचं बाजारात मिळंना."