भोगीच्या भाज्या, चिंध्यांतून शिवलेल्या

आमच्या बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीखाली एक जुना चौरंग आहे. भोगीच्या आदल्या दिवशी त्यावर काळी चंद्रकळा अंथरली जाते, मागच्या भिंतीवर पतंग लागतात आणि वेताच्या टोपलीत वांगी, गाजरे, कांदे, टोमॅटो, घेवड्याच्या शेंगा आणि मिरच्या मांडल्या जातात. ही आरास रथसप्तमीपर्यंत तशीच राहते, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी वांगे हातात घेतल्याशिवाय ते कापडाचे आहे हे मानायला तयार होत नाहीत. या सगळ्या भाज्या मी गेल्या पाच वर्षांत ब्लाउजच्या, झबल्यांच्या आणि अस्तरांच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवल्या आहेत. यंदाही अनेकींनी कृती विचारली, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिल्या वर्षी मी टोपलीत खऱ्याच भाज्या ठेवल्या होत्या. संक्रांत सूर्याच्या हिशेबाने येते आणि रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे तिथीने, त्यामुळे या दोहोंमधले अंतर दर वर्षी वेगळे असते. २०२४ मध्ये १५ जानेवारीला संक्रांत होती आणि १६ फेब्रुवारीला रथसप्तमी, म्हणजे हळदीकुंकवाला पुरता महिना मिळाला. यंदा, २०२६ मध्ये, १४ ते २५ जानेवारी एवढेच अकरा दिवस हाती आले. पण नाशिकची थंडी कितीही असली तरी गाजर चौथ्या दिवशी सुरकुतते आणि वांग्याचा देठ काळा पडतो. त्या पहिल्या वर्षी ती सगळी टोपली मला कचऱ्यात टाकावी लागली. भाव पडला की टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतण्याची वेळ शेतकऱ्यावर येते, हे ज्या जिल्ह्यात आपण डोळ्यांनी पाहतो, तिथे केवळ शोभेसाठी भाजी सुकवणे मला फार लागले. दुसऱ्या वर्षी मी सुई हातात घेतली.

सासूबाईंची यावर एक अट होती आणि ती मला पूर्ण पटते. त्या म्हणाल्या, "देवापुढे खरंच ठेव गं, शोभेला मग तुला हवं ते कर." त्यामुळे सुगडांत खरे गाजर, खरी बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे आणि गव्हाच्या ओंब्याच जातात, भोगीची तीळ घातलेली भाजी आणि बाजरीची भाकरी नैवेद्याला असतेच, कापडाच्या भाज्या फक्त आराशीच्या टोपलीत. हा भेद पाळला की मनात किंतु राहत नाही.

शिवायला बसण्यापूर्वी मी खरी भाजी समोर ठेवते. डिसेंबरातल्या एखाद्या बुधवारी गोदाकाठच्या बाजारात जाऊन दोन-दोन नग निवडून आणते आणि ते शिवणाच्या टेबलावर आठवडाभर राहतात. मोबाइलवरची चित्रे पाहून शिवले की भाजी कुठलीतरी परकी होते. टोमॅटोचेच पाहा. चित्रांतल्या कापडी टोमॅटोला भोपळ्यासारख्या पाच खोल खाचा मारलेल्या असतात, पण आपल्याकडच्या क्रेटमधला टोमॅटो गुळगुळीत आणि जरासा लांबट असतो. मी त्याला खाचा मारत नाही; देठाजवळून तळापर्यंत दाभणाने एकच जाड दोरा आरपार काढून ओढते, म्हणजे वरच्या बाजूला हलकीशी खळगी पडते, आणि तेवढी पुरते.

तुकडे निवडणे हा या कामातला सर्वांत मोठा आनंद आहे. आपल्या साड्यांच्या दुकानात रंगांची नावेच भाज्यांची असतात: वांगी, गाजरी, मिरची, लिंबू, कांदा. वर्षानुवर्षे ही नावे कानांवरून गेली होती, पण चिंध्यांचे बोचके सोडून एका बाजूला खरे वांगे आणि दुसऱ्या बाजूला वांगी रंगाचा तुकडा ठेवला तेव्हा नाव देणाऱ्याची नजर किती अचूक होती हे कळले. येवल्याच्या पैठणीच्या ब्लाउजपीसमधून उरलेली कातरण यासाठी सर्वांत उत्तम, कारण धूपछाव रेशमात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे वांग्याच्या सालीवर दिसते तशीच चमक वळणावर सरकत जाते. आमच्या गल्लीतले ब्लाउज शिवणारे मास्तर माझ्यासाठी एक पिशवीच टांगून ठेवतात आणि वीतभर लांबीचाही तुकडा फेकत नाहीत. गाजराला मात्र रेशीम घेऊ नये. त्याला साधे सुती कापड हवे, धुऊन थोडे विटलेले असेल तर अधिकच चांगले. मिरचीला खणाचा हिरवा तुकडा शोभतो.

आता कांद्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण नाशिककराच्या टोपलीतला कांदा चुकला तर बाकीचे कितीही साधले तरी उपयोग नाही. जानेवारीत बाजारात येतो तो लाल कांदा, गडद, पातळ सालीचा आणि फार न टिकणारा. कांदाचाळीत साठवला जातो तो उन्हाळ कांदा फिकट विटकरी असतो आणि त्याला पापुद्रे अधिक असतात. म्हणून संक्रांतीच्या टोपलीसाठी मी राणी आणि जांभळा यांच्या मधल्या छटेचे रेशीम घेते. दहा इंच रुंद आणि सहा इंच उंच असा आयताकृती तुकडा कापून त्याच्या मागे मलमलचे अस्तर धावदोऱ्याने टाचायचे, कारण रेशमाच्या दशा फार लवकर सुटतात. मग दोन्ही उभ्या कडा उलट्या बाजूने जोडून नळी करायची. खालच्या काठावर दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून तो घट्ट ओढला की तळ बंद होतो. नळी सुलट करून भरण भरायचे आणि वरचा धावदोरा काठावर न घालता काठाच्या एक इंच खाली घालायचा. तो ओढल्यावर वर जे कापड उरते तीच कांद्याची मान. म्हणजे प्रत्यक्ष गोल व्हायला पाच इंचच उंची मिळते. रुंदीच्या निम्मी उंची असली की आकार गोल होतो, हा हिशेब एकदा लक्षात आला की लहान-मोठे कांदे मोजमाप न लिहिताही कापता येतात.

चुणी हे कांद्याचे खरे मर्म आहे. ओढलेल्या दोऱ्यामुळे मानेपासून तळापर्यंत ज्या बारीक उभ्या चुण्या पडतात, त्या सालीवरच्या शिरांसारख्या दिसतात, म्हणून इस्त्री फिरवून त्या घालवू नयेत. तळाला भरतकामाच्या पांढऱ्या सहापदरी दोऱ्याचे सात-आठ सैल फास काढून ते कापले की मुळ्या तयार होतात. शेवटी जुन्या ऑर्गन्झा ओढणीचा तळहाताएवढा तुकडा मानेजवळ दोन टाक्यांनी अडकवून त्याची कड तशीच फाटकी सोडते. तो सुटत आलेला पापुद्रा दिसतो, आणि टोपलीजवळून कोणी गेले की किंचित हलतो.

वांग्याला तीन पाकळ्या लागतात, प्रत्येकी पाच इंच लांब आणि मध्यभागी अडीच इंच रुंद. पाव इंच शिलाई धरली तर घेर सहा इंचांचा होतो, म्हणजे भरल्या वांग्याला घेतो तेवढे वांगे. जोडावर वळण असते तिथे सुलट करण्यापूर्वी कातरीने छोटे छेद द्यावेत, नाहीतर शिवण ओढली जाते. देठासाठी हिरव्या जाड कापडाची पाच टोकांची चांदणी दुहेरी शिवून उलटवायची आणि टोके वांग्याला चिकटून न बसवता जरा उचललेली ठेवायची; तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे तीन-चार गाठीचे टाके घातले की काटे होतात.

गाजरासाठी आठ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा एक अष्टमांश भाग घ्यावा. पुष्कळ जणी पाव वर्तुळ घेतात, त्याचे तोंड चार इंचांच्या जवळ जाते आणि गाजराऐवजी शंकू दिसतो. अष्टमांशाचे तोंड शिवल्यावर जेमतेम पावणेदोन इंच होते. टोक भरताना पेन्सिलची बोथट बाजू वापरावी आणि आधी टोकच ठासून भरावे, कारण मागाहून तिथे हात पोहोचत नाही. घेवडा आणि मिरची दुमडलेल्या उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, तुकड्यांतून होतात. उरेब कापल्यामुळे त्या आपोआप किंचित वाकतात.

भरण कोणते, हा प्रश्न हमखास येतो. नुसता कापूस वर्षभरात बसतो आणि गोळे होतात. मी उशांतला फायबर घेते आणि त्यात अगदी बारीक, नखाएवढ्या कातरलेल्या चिंध्या मिसळते, म्हणजे निरुपयोगी तुकडेही कामी येतात आणि भाजीला हातात घेतल्यावर भार जाणवतो. हा भार यावा म्हणून एका वर्षी मी दोन कांद्यांच्या तळाशी मूठभर बाजरी घातली होती. श्रावणात डबा उघडला तेव्हा आत सोंडे झाले होते; ते दोन कांदे आणि त्यांना लागून ठेवलेले माझे सर्वांत सुबक वांगे टाकून द्यावे लागले. त्या वांग्याचे रेशीम माझ्या आईच्या ब्लाउजचे होते आणि तसा तुकडा आता उरलेला नाही. तेव्हापासून धान्य अजिबात नाही. वजन हवेच असेल तर धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली वाळू मांजरपाटाच्या लहान पिशवीत दुहेरी टिपेने बंद करून तळाशी ठेवते. मणी, बटणे आणि टाचण्या मी कुठेही वापरत नाही, कारण बोरनहाणाला आलेली लहान मुले टोपलीकडेच धावतात आणि हाती आलेले आधी तोंडात घालतात.

रथसप्तमी झाली की भाज्या एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवून, सुती पंच्यात गुंडाळून, वेखंडाच्या पुरचुंडीसह पत्र्याच्या डब्यात जातात. या वर्षी मात्र मी डबा पूर्ण बंद केलेला नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तीच टोपली पुन्हा मांडायची आहे, तिच्यात कैऱ्या हव्यात आणि लाल कांद्यांच्या जागी उन्हाळ कांदे हवेत. मास्तरांनी काल फिकट विटकरी टसरचा एक तुकडा माझ्या पिशवीत टाकून ठेवला आहे. मोजून पाहिला तर त्यात तीन कांदे निघतील, आणि जरा नेटके कापले तर चौथा लहानसाही.