तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा गरीब आहे, मग एवढं कशाला?

घोडी फळवायला घेऊन येणारा जवळपास प्रत्येक जण टेम्पोतून उतरता उतरता हेच विचारतो, नातेवाईक जेवायला बसले की तेही हेच. तुमचा घोडा एवढा गरीब, पोरं त्याच्या पायात खेळतात, मग घोडी लावताना हेल्मेट काय, रिपोर्ट काय, माणसांना कुंपणाबाहेर उभं करणं काय. चार पिढ्या हेच काम करताय, तेव्हा कुणी हेल्मेट घालत होतं का?

नव्हतं घालत. मी स्वतः हेच वाक्य लोकांना ऐकवायचो, अकलूजच्या बाजारात एका डॉक्टरशी यावरून भांडलोय मी.

रिपोर्टचं आधी संपवतो. तो मागतो ग्लँडर्ससाठी. घोड्यांचा हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि जनावर पॉझिटिव्ह आलं तर कायद्यानं मारावं लागतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली नवी घोडी त्याच आठवड्यात माझ्या दारात आणू नका, दोन-तीन आठवडे तुमच्याकडे वेगळी बांधा, मग या. यावर मी वाद घालणार नाही.

बाकीचं सगळं मामांमुळे आहे.

त्या दिवशी आलेली घोडी व्यायलेली होती, नववा दिवस. व्यायल्यावर आठवड्या-दहा दिवसांत येणारा माज तुम्हाला माहीतच आहे, आणि त्याची घाई का असते तेही. पोटात शिंगरू साधारण 340 दिवस, म्हणजे दरवर्षी शिंगरू हवं तर मधे उरतात 25 दिवस. पुढच्या माजापर्यंत थांबायला मालक तयार नव्हता. मी फोनवरच हो म्हटलं. पैशांची गरज होती तेव्हा, ते लपवत नाही.

आधी फळीच्या आडून घोडा दाखवला. घोडीनं शेपूट उचलली, पाय फाकवले, थोडं थोडं मुतली, कान पाडले नाहीत की ओरडली नाही. माज पक्का होता, त्यात आमची चूक नव्हती. पण शिंगरू टेम्पोतच होतं. मालक म्हणाला झोपलंय, राहू द्या, पाच मिनिटांचं तर काम आहे. आणि टेम्पो आडवा लागलेला नेमका डाव्या बाजूला, तो हलवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मामांनी घोडा उजवीकडून आणला.

खरं तर घोडी धरणारा आणि घोडा धरणारा दोघं एकाच बाजूला हवेत, डावीकडे. घोडी बिथरली की तिचं तोंड आपल्याकडे ओढायचं, मागचा भाग आपोआप पलीकडे जातो आणि लाथ रिकाम्या जागेत पडते. मला हे माहीत होतं. मामांनीच शिकवलेलं.

घोडा अजून चढलाही नव्हता आणि टेम्पोतून शिंगरू ओरडलं. घोडी जागेवर फिरायला लागली आणि मी हाताला सवय होती तेच केलं, सगळा जोर लावून तिचं तोंड माझ्याकडे ओढलं. मागचा भाग उजवीकडे गेला, तिथे मामा होते. लाथ मांडीवर बसली. मामा पडले नाहीत, खाली बसले, आणि बसल्या बसल्या घोड्याची दोरी धरून राहिले, कारण सोडली असती तर घोडा त्यांच्या अंगावरून घोडीकडे गेला असता. दुसरी लाथ त्यांच्या डोक्यावरून गेली. मी घोडी सोडू शकत नव्हतो, मामांकडे जाऊ शकत नव्हतो, आणि मालक टेम्पोपाशी मोबाइलवर शूटिंग करत उभा होता.

मांडीत रॉड आहे. मामा काठीशिवाय चालत नाहीत, घोडा त्यानंतर त्यांनी धरलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हेल्मेटनं मांडी वाचली असती का? नाही वाचली असती. हे मी स्वतःलाही विचारून झालंय. पण ती दुसरी लाथ डोक्याच्या किती जवळून गेली ते मी पाहिलंय, तुम्ही नाही. आणि घोडा त्या सगळ्यात शांत उभा होता. तुमचा घोडा गरीब म्हणता ना, बरोबर आहे, त्यानं काहीच केलं नव्हतं.

मामा म्हणतात जनावर आहे ते, तू कशाला मनाला लावून घेतोस, आणि एवढे नियम लावलेस तर घोडी कोण आणणार तुझ्याकडे. गिऱ्हाइकं कमी झालीत हे खरं आहे. नियम सुरक्षेसाठी लावलेत की माझ्याच हातानं झालेलं पुसायला, हे मला कधी कधी कळत नाही. तोंड ओढलं नसतं तर घोडी माझ्याच अंगावर आली असती, कदाचित. कदाचित नसतीही.

परवा इंदापूरकडून फोन आला. घोडी व्यायला सहा दिवस झालेत, शिंगरू सोबत आणू का विचारत होते. आणलं तर आईच्या डोळ्यांसमोर, मजबूत कुंपणाच्या आत, धरायला वेगळा माणूस, असं सांगितलं. नाहीतर पुढच्या माजाला या म्हटलं, महिनाभरानं. ते म्हणाले एवढी माणसं कुठून आणू. अजून मी हो म्हटलेलं नाही.