ट्रॅक्टर मागून निवडावा

‘पहिलाच घेतोय. दोन-तीन एकर जागा आहे. किती एचपीचा घेऊ?’

तुम्ही विचारलंत तसंच बहुतेक जण विचारतात, जवळजवळ याच शब्दांत. मी लगेच आकडा सांगत नाही, त्यामुळे समोरच्याला वाटतं, बाई टाळतेय. टाळत नाही. पहिल्या खरेदीच्या वेळी मीही हाच प्रश्न घेऊन गेले होते. विकणाऱ्याने एक आकडा सांगितला, मी ‘असू दे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून त्याहून जास्त एचपीचं मॉडेल घेतलं, आणि पुढचं वर्षभर ते निस्तरत बसले. तेव्हापासून माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: मागे काय जोडणार?

ट्रॅक्टर स्वतः काहीच करत नाही हो. तो ओढतो, उचलतो आणि मागचा दांडा फिरवतो. काम करतं ते अवजार. म्हणून आधी वर्षभराची कामं कागदावर लिहा, आणि प्रत्येकापुढे त्याला लागणारे दिवस लिहा. मी हे खरेदीनंतर केलं. नांगरणीचे निघाले तीन दिवस. बाकी सगळं वर्ष गवत कापणं, माती-खत इकडून तिकडे नेणं, थोडं रोटाव्हेटरने माती भुसभुशीत करणं, थोडी फवारणी. नांगर डोळ्यांपुढे ठेवून ट्रॅक्टर घेतला आणि वापरला गवतासाठी. यादीत तीन-चार दिवसांचीच कामं निघाली, तर ट्रॅक्टर भाड्याने आणा. एकरभराच्या आतली भाजीची जागा असेल तर मागून चालत चालवायच्या पॉवर टिलरने भागतं. हे ऐकून काही जण नाराज होतात, कारण त्यांना ट्रॅक्टर हवाच असतो. तेही मला समजतं.

आता एचपीबद्दल. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. अवजार फिरवायला मिळते ती पीटीओची, म्हणजे त्या मागच्या फिरत्या दांड्याची शक्ती, आणि ती त्याहून कमी असते. लहान ट्रॅक्टरात साधारण 80 ते 90 टक्के हाती लागतात. झुडपं-गवत कापायच्या रोटरी कटरला ढोबळ हिशेब आहे, रुंदीच्या फुटाला 5 पीटीओ एचपी. म्हणजे चार फुटी कटरला 20, आणि त्यासाठी इंजिन साधारण 24-25 चं. रोटाव्हेटरला हा हिशेब चालत नाही. तिथे माती किती चिवट, किती खोल जायचंय यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून अवजारासोबतच्या माहितीत लिहिलेली पीटीओ एचपी बघा.

पण मी फसले ती शक्तीत नव्हे, वजनात. लहान ट्रॅक्टरांत एकाच सांगाड्यावर दोन-तीन एचपीची मॉडेल्स काढलेली असतात. धुरा तोच, चाकं तीच, अवजार उचलणारी लिफ्ट तीच, फक्त इंजिनाचा जोर जास्त. मी त्यातलं सगळ्यात वरचं घेतलं. कागदावर उचल क्षमता 750 किलो, माझा रोटाव्हेटर सव्वादोनशे किलोंचा. म्हटलं, तिप्पट आहे की! पहिल्याच दिवशी रोटाव्हेटर वर उचलून छोटासा चढ चढायला गेले, आणि पुढची चाकं जमीन सोडून वर आली. फार नाही, वीतभर. स्टिअरिंग हातात गरागरा फिरत होतं आणि ट्रॅक्टर त्याच्या मनाला येईल तिकडे चालला होता. मी क्लच दाबला, अवजार खाली टाकलं. पुढची दहा मिनिटं नुसती बसून होते.

दोन गोष्टी तेव्हा कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, पत्रकातली उचल क्षमता बहुतेक वेळा अवजार जोडायच्या खालच्या दोन आर्म्सच्या, म्हणजे दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचं वजन तिथे नसतं, ते त्याच्याही मागे लटकलेलं असतं. म्हणून टोकापासून 610 मिलिमीटर, म्हणजे 24 इंच मागे मोजलेली क्षमता विचारायची. हा आकडा चांगलाच खाली येतो. दुसरी गोष्ट लिफ्टची नाहीच. मागचा धुरा हा तराजूचा मधला खुंटा समजा: मागे जेवढं लांब आणि जड, तेवढी पुढची बाजू हलकी. अवजार वर उचलल्यावरही ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा जुना नियम आहे. मला शेवटी पुढे वजनं लावावी लागली. म्हणजे जास्त एचपीचे पैसे दिले, आणि मग त्या एचपीला जमिनीवर ठेवायला लोखंडाचे वेगळे दिले.

ओढण्याचंही तसंच. चाक घसरायला लागलं की इंजिन कितीही मोठं असो, ते फक्त खड्डा खणतं. ओढ येते वजनातून आणि टायरच्या पकडीतून. म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना मी आधी वजन वाचते, मग एचपी.

मागच्या बाजूला आणखी थोडा वेळ थांबा. अवजार जोडायची तीन टोकं असतात: खाली दोन आर्म, वर टॉप लिंक. ही रचना हॅरी फर्ग्युसनने रूढ केली. 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर ती आली, आणि आज जगभर तीच आहे. तिच्यात मापांच्या श्रेणी आहेत. लहान ट्रॅक्टरांत बहुधा श्रेणी 1 असते: खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या, वरची 19 ची. अगदी छोट्या यंत्रांना यापेक्षा बारीक जोड असतो, आणि मग अवजारं मोजकीच मिळतात. श्रेणी 1 असेल तर शेजाऱ्याचं अवजारही तुमच्या ट्रॅक्टरला बसतं. शेजारी देईल का, हा वेगळा मुद्दा.

पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. सैल बाही किंवा ओढणी त्यात अडकली तर ‘अरे’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण लोक पहिल्या महिन्यात काढून फेकतात, कारण ग्रीस भरताना मध्ये येतं. माझ्या दांड्यावर ते अजून आहे.

हे 540 फेरे इंजिनच्या किती आरपीएमला मिळतात तेही विचारा, आणि त्या आरपीएमला सगळ्यात खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर किती सावकाश चालतो तेसुद्धा. रोटाव्हेटरला पीटीओ पूर्ण वेगात आणि चाल मात्र रांगती लागते, ताशी दोन-तीन किलोमीटर. खालचा गिअरच वेगवान असेल तर माती नीट बारीक होत नाही आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तोच पट्टा मारत राहता.

मग क्लच. याबद्दल कुणी विचारतच नाही, आणि रोज पाय त्यावरच असतो. साध्या एकेरी क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकंही थांबतात आणि पीटीओही. गवत दाट आलं, ट्रॅक्टर थांबवून कटरला जरा श्वास घेऊ द्यावा म्हटलं, तर कटरही थांबतो. उलटंही होतं. जड पात्यांचा कटर फिरत असताना क्लच दाबला, तर पात्यांचा जोर उलटा पीटीओतून गिअरबॉक्समध्ये येतो आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. समोर कुंपण असेल तर ते जातं. (माझं गेलं.) अशा ट्रॅक्टरला पीटीओवर एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग जोड बसवावा लागतो. दुहेरी क्लचमध्ये अर्धं पेडल चाकं थांबवतं आणि पूर्ण पेडल पीटीओ. स्वतंत्र पीटीओला वेगळा लिव्हर असतो, आणि तो मिळत असेल तर दोन एचपी कमी घ्या पण तो घ्या, असं मी सांगते.

गिअर की हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा? लोडरचं, म्हणजे पुढच्या बादलीने माती-खत उचलायचं काम जास्त असेल, सारखं पुढे-मागे करायचं असेल, तर हायड्रोस्टॅटिकसारखं सुख नाही. पाय दाबला की पुढे, सोडला की थांबलं. पण त्यात थोडी शक्ती तेलातच खर्च होते. लांब पट्ट्यांत नांगर-कल्टिव्हेटर ओढायचा असेल तर गिअरचा बरा. माझा गिअरचा आहे, आणि लोडरचं काम निघालं की मी दर वेळी स्वतःला शिव्या देते.

फोर बाय फोरबद्दल, म्हणजे चारही चाकांना जोर मिळण्याबद्दल, मात्र माझं मत ठाम आहे. जमिनीला उतार असेल तर घ्याच, आणि तो ओढण्यासाठी नव्हे, थांबण्यासाठी. लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक सहसा मागच्या चाकांनाच असतात. पुढे लोडरच्या बादलीत माती भरून उतरताना सगळा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि मग ब्रेक दाबून काय उपयोग? चारही चाकं जोडलेली असली की तोच ब्रेक शाफ्टमधून पुढच्या चाकांनाही आवरतो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर मात्र फोर बाय फोर सोडवायचं. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जोरात फिरतील अशी रचना असते. मातीत तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर तो गिअर आणि टायर खातो. याच कारणाने पुढचे टायर बदलताना मापात ‘चालून जाईल’ करू नये. डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, तो शेतात जागच्या जागी वळायला. रस्त्यावर निघताना दोन्ही पेडलं जोडणारी कडी अडकवली आहे ना, ते बघा.

लोडर घेणार असाल तर मागे काहीतरी जड लावलेलं हवंच, नाहीतर माझ्या उलट तुमची मागची चाकं उचलली जातील. टायरात पाणी भरणं हा वजनाचा सोपा उपाय आहे. अतिथंड जागी ते गोठतं, तिथे वेगळं द्रव लागतं. टायरांची नक्षी खोल असली की चिखलात पकड चांगली आणि गवताची मात्र वाट लागते. जिथे जास्त वेळ चालणार, तिथला टायर घ्यायचा.

आणि मोजपट्टी घेऊन जा. पत्रकातली रुंदी बघू नका, मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा. ती फाटकातून, दोन ओळींमधून जाते का? रोटाव्हेटर या रुंदीपेक्षा थोडा रुंद हवा. नाहीतर तुम्ही भुसभुशीत केलेल्या मातीवरून तुमचंच चाक जाणार. मागच्या संरक्षक कमानीची उंची शेडच्या आढ्याला लागते का, हेही घरून मोजून न्या. लागत असेल तर घडीची कमान मिळते. कमान काढून ठेवण्याचा विचार मात्र मनात आणू नका. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी अशी चौकट सक्तीची केली, आणि उलटून मरणाऱ्यांची संख्या तिथे पुढच्या काही दशकांत जवळजवळ संपली. सीटच्या पट्ट्याचा नियम एवढाच: कमान उभी असेल तर पट्टा बांधायचा, आडवी पाडलेली असेल तर बांधायचा नाही. उभ्या कमानीत पट्टा तुम्हाला सुरक्षित जागेत धरून ठेवतो, आणि आडव्या कमानीत तोच ट्रॅक्टरखाली धरून ठेवतो.

जुना घ्यायला जात असाल तर न सांगता लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर थंड इंजिन सुरू होताना कुरकुरतं म्हणून तुमच्या येण्याआधी ते चालवून ठेवलेलं असू शकतं. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑईल जळतंय. काळा येत असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तिथून सरळ परत या. जड अवजार उचलून इंजिन बंद करायला सांगा आणि बोलत राहा. पाच मिनिटांत ते भसकन जमिनीला टेकलं तर हायड्रॉलिकचं काम निघणार. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवून बघा, ढिलं लागतं का. ट्रॅक्टर किती तास चालला ते दाखवणाऱ्या अवर मीटरवर विसंबू नका, तो बंद पडतो आणि बदलताही येतो. पेडलचं रबर आणि सीटची झीज बघा, ती बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

नवा घेतलात तर पहिली सर्व्हिस बहुतेक ट्रॅक्टरांना 50 तासांच्या आसपास असते, आणि लहान जागेवर ते 50 तास भरायला कित्येक महिने लागतात, म्हणून ती विसरली जाते. नव्या गिअरांचा बारीक कीस त्या पहिल्या तेलात असतो. मी तारीख शेडच्या दारावर खडूने लिहिली होती.

माझा 24 चा आहे. तुमची यादी झाली की या, फाटकाचं माप घेऊन.